फिल्म स्वच्छ आली म्हणून वेल्ड निर्दोष ठरत नाही

वेल्डर आणि क्वालिटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो: पाइपच्या वेल्डमधलं (जोडातलं) सगळं रेडिओग्राफीत, म्हणजे किरणांनी फिल्मवर काढलेल्या फोटोत, दिसतं, फिल्म हाच पुरावा, यूटी (अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी) म्हणजे ऑपरेटरचं मत, आणि ती पैसे वाचवायला करतात. नवी मुलं हे खरं मानून साइटवर येतात, म्हणून लिहितोय.

यातलं 'सगळं दिसतं' हे सर्वांत घातक. फिल्मवर खूण उमटते ती किरणाच्या वाटेतला धातू कमी झाला तर. पोरोसिटी (वायूचे बुडबुडे), स्लॅग (अडकलेली मळी) यांना जाडी असते, ते छान दिसतात. लॅक ऑफ फ्यूजन, म्हणजे वेल्ड पाइपच्या कडेशी न जुळणं, ही नुसती चीर. १२ इंची शेड्यूल ८० (भिंतीच्या जाडीची श्रेणी) पाइप घ्या, भिंत साधारण १७.५ मिमी. दोन टक्के संवेदनशीलता धरली, म्हणजे जाडीतला दोन टक्के फरक फिल्मवर दिसतो असं मानलं, तर ढोबळ हिशेबाने वाटेतला ०.३५ मिमी धातू तरी कमी हवा. आता बेव्हल (वेल्डसाठी पाइपच्या कडेला दिलेला उतार) ३० अंशांचा आणि न जुळलेल्या कडेची फट ०.०५ मिमी असेल, तर सरळ येणाऱ्या किरणाला जेमतेम ०.१ मिमी पोकळी लागते. फिल्म स्वच्छ येणार! यूटीत ६० अंशांच्या प्रोबची (लहर सोडणाऱ्या आणि परत टिपणाऱ्या उपकरणाची) ध्वनिलहर मात्र तळावर आपटून वर येताना त्याच कडेवर काटकोनात पडते आणि खणखणीत इको (प्रतिध्वनी) देते. दोष किती खोल आहे तेही कळतं, त्यामुळे रिपेअरला उगाच अख्खा जॉईंट खणावा लागत नाही.

पुराव्याचं म्हणाल, तर फिल्मही माणूसच वाचतो. हाताने केलेल्या साध्या यूटीत फक्त रिपोर्ट उरतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण एन्कोडर (प्रोबची जागा नोंदवणारं साधन) लावलेल्या फेज्ड ॲरे किंवा टॉफडी या यूटीच्या प्रगत प्रकारांत अख्खं स्कॅन साठवलं जातं. ते कुणीही पुन्हा उघडून तपासावं.

पैशांचा मुद्दा अपुरा आहे. रेडिओग्राफीत किरणांसाठी वापरतात त्या इरिडियम-१९२ ची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, तेवढा एक्स्पोजरचा वेळ वाढतो. शूटिंग (किरण सोडून फिल्म काढणं) चालू असताना दोरी बांधून आसपासची माणसं हलवावी लागतात. यूटीत वाचतो तो माणसांना लागणारा रेडिएशनचा धोकाही.

म्हणून सगळीकडे यूटी करा, असं मी म्हणत नाही. दोन इंची शेड्यूल ४० ची भिंत ३.९ मिमी, तिथे साध्या प्रोबने दोष आणि रूटचा (वेल्डच्या तळाचा) इको वेगळे काढणं फार अवघड. स्टेनलेसच्या वेल्डमधले जाड कण लहर विखरून टाकतात. फ्लँजच्या (पाइपच्या टोकाला लावलेल्या बोल्टच्या कड्याच्या) जॉईंटला प्रोब फिरवायला एकाच बाजूला जागा मिळते. भिंत पातळ असेल तर अशा जॉईंटला मी आजही फिल्मच मागतो.