मुलगी एनडीएचा फॉर्म भरते म्हणाली तर

सकाळी पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता सतरा वर्षांची मुलगी सहज म्हणते, "बाबा, मी एनडीएचा फॉर्म भरतेय." एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण अकादमी, बारावीनंतर लष्करी अधिकारी घडवणारी. घाबरू नका. चमचा खाली ठेवू नका, आवाज चढवू नका आणि मुख्य म्हणजे "नाही" म्हणू नका. नाही म्हणणारे बाप मागच्या पिढीत संपले. "अरे वा!" म्हणा. शेवेची बरणी तिच्याकडे सरकवा. पुढचं काम सावकाश, कुणाला न दुखवता करायचं असतं. मी ते गेलं वर्षभर करतोय, म्हणून चार अनुभवाचे बोल.

फीचे पैसे अडवून ठेवावेत असं तुमच्या मनात येईल. उपयोग नाही. या परीक्षेला मुलांकडून 100 रुपये घेतात, मुलींना फी माफ आहे. बापाच्या हातातलं शेवटचं हत्यार लोकसेवा आयोगानं काढून घेतलं, आणि त्यावर कुणी साधा मोर्चासुद्धा काढला नाही.

तेव्हा आदराच्या वाटेनं जा. पहिल्याच रविवारी मुलीला राजवाड्यासमोर न्या, अहिल्यादेवींना नमस्कार करायला लावा, फोटो काढा. सांगा की बेटा, आपल्या इंदुरात बाईचा मान काही आजचा नाही. विमानतळ देवींच्या नावाचा, विद्यापीठ देवींच्या नावाचं. 31 मे 2025 ला तीनशेवी जयंती झाली तेव्हा 300 रुपयांचं नाणंसुद्धा निघालं. (त्या नाण्यावर सराफ्यात भुट्ट्याचा कीस मिळत नाही, पण मान तो मान.) मुलीला इतकं भारावून टाका की फॉर्मची तारीख निघून जावी.

मात्र अहिल्याबाई निवडून घ्या. हातात पिंडी, डोक्यावर पदर, घाट, धर्मशाळा, काशी विश्वनाथाचं देऊळ, इथवर बिनधोक आहे. त्यापलीकडे तिला वाचू देऊ नका. विशेषतः मल्हाररावांनी 1765 साली सुनेला पाठवलेलं एक पत्र आहे, ते तिच्या हाती लागता कामा नये. नवरा 1754 मध्येच कुंभेरीच्या वेढ्यात गेलेला, अशी ही सून. आणि सासरा तिला लिहितो काय, तर चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना जवळ ठेव, दारूगोळ्याची होईल तेवढी तजवीज कर, वाटेवर चौक्या बसव. अख्ख्या मजकुरात तब्येतीला जप नाही, एकटी बाहेर पडू नकोस नाही, सोबत कुणाला तरी घेऊन जा तर नाहीच नाही. मल्हारराव मोठा सेनानी असेल, पण सासरा म्हणून बेजबाबदारच म्हणायला हवा.

आपलं लष्कर असं उतावीळ नाही. तोफखान्यात बायका घ्याव्यात की नाही यावर नीट विचार झाला आणि 29 एप्रिल 2023 ला चेन्नईच्या अकादमीतून पाच महिला अधिकारी तोफखाना रेजिमेंटमध्ये दाखल झाल्या. मल्हाररावांच्या पत्रानंतर 258 वर्षांनी. आमच्याकडे माळ्यावरचा जुना पंखा काढायचा ठराव याहून थोडा आधी मंजूर झाला होता, पण ते असो.

राघोबादादांची गोष्ट मात्र लपवता येत नाही, ती इंदुरात प्रत्येक आजी सांगते. बाईंचा मुलगा मालेराव नुकताच गेलेला, तेव्हा राज्य घ्यायला दादासाहेब फौज घेऊन क्षिप्रेपाशी आले, बाईंनी निरोप धाडला की मी हरले तर कुणी हसणार नाही, तुम्ही बाईकडून हरलात तर तोंड कुठे लपवाल. आणि दादासाहेब म्हणाले, छे छे, आम्ही तर सांत्वनाला आलो होतो. ही गोष्ट सांगताना सगळा भर "निरोप" या शब्दावर द्या. बाईची जीभ कशी चतुर, हे खुलवून सांगा. त्या निरोपामागे तिनं बायकांचं पथक उभं केलं होतं असंही सांगतात; ते वाक्य येईल तेव्हा खोकला काढा.

आता शारीरिक ताकदीचा मुद्दा. हा हुकमी आहे, पण वेळ साधून वापरा. मी तो एप्रिलमध्ये वापरला, ही माझी चूक. एप्रिलमध्ये आपल्याकडे वर्षाचा गहू भरतात. मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो होतो आणि मुलीला समजावत होतो की बाईच्या शरीराची ठेवणच वेगळी, खांद्यावर ओझं घेऊन डोंगर चढणं हे निसर्गतःच तिचं काम नव्हे. तेवढ्यात हमाल दुसऱ्या मजल्यावर जायचे जास्त पैसे मागून, भांडून निघून गेला. आमच्या हिनं पदर खोचला. पन्नास किलोचं पोतं, एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला मुलगी. दर तीन पायऱ्यांनी पोतं गुडघ्यावर टेकवायचं, दम घ्यायचा, की परत उचलायचं. अशी सहा पोती. माझा मुद्दा तिसऱ्या पोत्यापर्यंत चालू होता. चौथ्याला ही म्हणाली, "अहो, निसर्गाला जरा पाय वर घ्यायला सांगा." तेव्हापासून मी हा मुद्दा पावसाळ्यात काढतो. पावसाळ्यात सुद्धा पाणी गळायला लागलं की बादल्या असतात, तेही ध्यानात ठेवा. जानेवारी 2023 मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचीनला कुमार पोस्टवर तैनात झाल्या, 15,632 फुटांवर, हा आकडा घरात उच्चारू नका. आमच्याकडे गच्चीचा जिना चढून मलाच धाप लागते, त्यामुळे तुलना निष्कारण वाईट दिसते.

मग चालतं काय? चालतं ते एकच वाक्य, आणि ते तुम्हाला पाठ आहे: "माझं काही नाही गं, पण लोकांना चालणार नाही." हे वाक्य आपल्या बैठकीतलं म्हणून कमी लेखू नका, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं आहे. महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, आणि तुकडीचं नेतृत्व द्यावं का, हा खटला चालू असताना सरकारतर्फे लेखी मांडलं गेलं की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात आणि बाईच्या हुकमाखाली काम करायची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही. किती सुंदर! साहेबांचं काही म्हणणं नाही, खेड्यातल्या पोरांना आवडणार नाही. आमच्याकडे या जागी आजीला बसवतात: "माझं काही नाही गं, पण तुझ्या आजीला सोसायचं नाही." आजीला कुणी विचारलेलं नसतं, तशीच त्या जवानांची गत. 17 फेब्रुवारी 2020 ला न्यायालयानं हा युक्तिवाद जुन्या समजुतींचा म्हणून फेकून दिला. तुमच्या घरात अपील नसेल तर तुम्ही तो अजून वापरू शकता. मी वापरला. आमची आई ब्याऐंशी वर्षांची, जपमाळ थांबवून म्हणाली, "मला कशाला मध्ये घेतोस? जाऊ दे की तिला."

हेही हुकलं तर नाही म्हणण्याऐवजी हो म्हणा, फक्त वेळ बदला. "आधी ग्रॅज्युएशन कर, मग बघू." "आधी लग्न होऊ दे, मग तुझ्या घरी जाऊन काय करायचं ते कर." शेवटी एक दिवस खेदानं मान हलवायची: "आता वय झालं गं." यातलं खरं कसब पाहायचं तर 2021 चा खटला पाहा. 2020 च्या निकालानंतर कायम कमिशनसाठी महिला अधिकाऱ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. पुरुष ज्या कसोटीला पंचविशी-तिशीत उतरले होते, तीच कसोटी या बायकांना चाळिशी-पन्नाशीत लावली. दार उघडं, उंबरठा मात्र इतक्या वर्षांत वर चढवलेला. 25 मार्च 2021 ला न्यायालयानं तेही ओळखलं आणि म्हटलं की नियम वरून समान दिसला तरी हा भेदभावच आहे. न्यायमूर्तींच्या घरीही मुली असाव्यात, दुसरं काय.

मुलगी फारच हट्टी निघाली तर "मग लष्करातच जायचं तर वकील होऊन जा, तिथे बंदूक नाही" असं सुचवायचा माझा विचार होता. पण तिथेही आपली माणसं कमी पडली. लष्कराच्या कायदा शाखेच्या एका भरतीत 9 जागा होत्या, 6 पुरुषांना, 3 बायकांना. कलमं तोंडपाठ करायला खांद्याची रुंदी किती लागते, हे काही सिद्ध करता आलं नाही, आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयानं तीही वाटणी रद्द केली.

महूची सहल काढावी असं मी सुचवलं असतं. इंदूरपासून तासाभरावर, जाताना भजी, येताना पाताळपाणीचा धबधबा. गाडीतूनच इन्फंट्री स्कूलचं गेट दाखवायचं आणि हळहळत सांगायचं, "बघ बेटा, पायदळ अजून मुलींना घेत नाही. रणगाडेही नाहीत." हे खरं आहे, त्यामुळे बोलताना डोळ्यात पाणीही आणता येतं. घोटाळा असा की त्याच महूत लष्कराच्या सिग्नल्सचं, म्हणजे दूरसंचार शाखेचं, महाविद्यालयही आहे, आणि मुलीनं मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, कर्नल सोफिया कुरेशी सिग्नल्सच्याच ना?"

हे नाव निघालं की सावध व्हा. 7 मे 2025 ला, ऑपरेशन सिंदूरच्या सकाळी, कर्नल कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग टीव्हीवर आल्या, तेव्हा तुमच्यासारखं मीही स्टेटस ठेवलं होतं. दोन झेंडे, एक वाघीण. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी अडतीस वाघिणी मी मोजल्या. त्यातल्या एकाच्याही घरची वाघीण रात्री नऊनंतर कोचिंगहून एकटी येत नाही, भाऊ आणायला जातो. स्टेटसचा हाच फायदा: चोवीस तासांत आपोआप जातं. पुढे आठवडाही झाला नाही तोच आमच्याच जिल्ह्यात, महूजवळच्या एका गावात, राज्याच्या एका मंत्र्यानं त्या कर्नलबाईंविषयी जाहीर सभेत असं काही काढलं की उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी एकही वाघीण आली नाही, फक्त "सुप्रभात" आले. मंत्र्याचं चुकलं एवढंच की त्यानं मोठ्यानं म्हटलं. आपल्याला कौतुक करता करता सगळं साधतं.

मुलीला हे सगळं दिसत असतं, हा या पद्धतीतला मोठा दोष. तिनं भिंतीवर एक कात्रण लावलंय: 30 मे 2025, खडकवासला, एनडीएतून बाहेर पडलेली मुलींची पहिली तुकडी, 17 जणी. दुसऱ्या दिवशी अहिल्यादेवींची जयंती होती आणि मी मंडळाच्या हार-तुऱ्यांत गुंतलो होतो, म्हणून माझ्या नजरेतून ते पान निसटलं. तुम्ही रोजचा पेपर आधी स्वतः वाचत जा.

आणि पत्नीच्या कपाटावर लक्ष ठेवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परवा हिच्या पैठणीच्या घडीत मुलीला एक पिवळी पडलेली जाहिरात सापडली, 1992 ची, लष्करात बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला नुकतीच सुरुवात झाली होती तेव्हाची. सोबत एनसीसीचं सी सर्टिफिकेट. मी म्हटलं, अगं, हे कधी बोलली नाहीस. ही म्हणाली, "बोलले होते. तुम्ही म्हणालात, आधी लग्न होऊ दे."

मला खरंच आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

तर आज रविवार. परीक्षेचं सेंटर भोपाळला, सकाळी दहाला गणिताचा पेपर. मायलेकी पहाटेच सरवटे स्टँडवरून बसनं गेल्या. डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या, मुलीच्या हातात आयोगाचं प्रवेशपत्र. मी सोबत येतो म्हणालो होतो. ही म्हणाली, नको, यंदाचा गहू गच्चीवर उन्हात घातलाय, तुम्ही तिथे बसा, कबुतरं हाकला. दुपारी खालीवर करा, आभाळ आलं तर ताडपत्री ओढा, आणि आईंना बाराच्या आत जेवायला वाढा.

तेव्हा पुढचा सल्ला संध्याकाळी देतो. हातात काठी आहे, डोक्याला टॉवेल बांधलाय, आणि पाण्याच्या टाकीवर आत्ताच सात कबुतरं येऊन बसलीत.