मराठी पासवर्ड: चोर बाहेर, मालकही बाहेर

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘पासवर्ड मराठीतच ठेवा. हॅकरला मराठी येत नाही, आपली अक्षरं जास्त म्हणून छोटा शब्दही पुरतो, आणि युनिकोडमुळे तो सगळ्या कॉम्प्युटरवर सारखाच चालतो.’ हे ऐकून पंचवटीतल्या आमच्या मामांनी द्राक्षबागेच्या हिशोबांचा पेनड्राइव्ह मराठी पासवर्डने कुलूपबंद केला. त्यांच्या लॅपटॉपवर तो उघडायचा, माझ्याकडे उघडेना.

म्हणून शेवटचा दावा आधी घेतो. युनिकोड प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देतं खरं, पण एन्क्रिप्शनला (माहिती कुलूपबंद करणाऱ्या गणिताला) अक्षर दिसत नाही, बाइट (कॉम्प्युटर अक्षरं ज्या आकड्यांत साठवतो ते) दिसतात. एक बाइट बदलला की किल्ली वेगळी. मामांच्या पासवर्डात ‘दऱ्या’ होतं (आता बदललाय, म्हणून सांगतो). यातला ऱ हे एकच चिन्ह असू शकतं, र खाली नुक्ता देऊनही होतो, किंवा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह देऊनही तोच अर्धा र उमटतो. पहिल्या पद्धतीत यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याच्या नेहमीच्या रीतीत) या शब्दाचे १५ बाइट होतात, उरलेल्या दोन्हींत १८. डोळ्यांना तिन्ही सारखेच. कोणत्या कीबोर्डवरून काय जातं ते आपल्याला कळतही नाही. पासवर्डाच्या चौकटीत तर नुसते ठिपके.

फ्रेंच é चंही असंच आहे: एकसंध किंवा e आणि वर वेगळं चिन्ह. त्यावर नॉर्मलायझेशनचा (अशी रूपं आधी एकाच रूपात आणण्याचा) उतारा आहे, आणि २०१७ चं आरएफसी ८२६५ हे इंटरनेटचं मानक पासवर्डासाठी तो सांगतंही. पण सगळी सॉफ्टवेअर तो करत नाहीत, आणि केला तरी आपलं पूर्ण भागत नाही. नुक्त्याचा ऱ जुळेल, जॉइनरवाला जुळणार नाही. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आला, त्याआधीच्या सवयीने अ वर चंद्र दिला तर तो कोणत्याही नॉर्मलायझेशनने ॲ होत नाही.

शिवाय कॉम्प्युटर सुरू होतानाच पासवर्ड विचारला तर मराठी कीबोर्ड आणणार कुठून? व्हेराक्रिप्ट हे डिस्क कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या सिस्टीम ड्राइव्हसाठी आजही यूएस कीबोर्डच धरतं. लिनक्सवर तेच काम करणाऱ्या क्रिप्टसेटअपवालेही साध्या ९५ आस्की चिन्हांतच (इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं) राहा म्हणतात.

‘हॅकरला मराठी येत नाही’ यावर काय बोलायचं! शब्दांची यादी प्रोग्रॅम चालवतो, त्याला गोदावरी काय आणि टेम्स काय.

‘छोटा शब्द पुरतो’ हेही खोटं. पासवर्डाची ताकद बिटमध्ये मोजतात; एक बिट वाढला की शक्यता दुप्पट. एक लाख शब्दांच्या यादीतला एक शब्द म्हणजे जेमतेम १७ बिट, मग तो कितीही बाइट खावो. फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडले तर ७७ बिट होतात. यादी मराठी शब्दांचीच घ्या, फक्त रोमन लिपीत, लहान अक्षरांत. म्हणजे अभिमानही राहतो.

ज्यांनी आधीच देवनागरी पासवर्ड ठेवलाय त्यांनी तो आज जिथे उघडतोय त्याच मशीनवर बसून बदलावा, लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी. लुक्स (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करण्याची पद्धत) वापरत असाल तर जुनी किल्ली तशीच ठेवून रोमन लिपीतली दुसरी जोडता येते. मामांचं काम त्यांच्याच लॅपटॉपवर दहा मिनिटांत झालं; त्यातली आठ मिनिटं ल्यूडोचा फासा शोधण्यात गेली.