माझा पत्ता बदललेला नाही

सात वर्षं मी थायलंडमध्ये राहते आहे. बँकॉकच्या बाहेर, एका प्रांतात, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात नोकरी. नवरा आणि मुलगी माझ्यावर अवलंबून म्हणून माझ्यासोबत. सातही वर्षं घर एकच, घरमालकीण एकच. आणि आज पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इमिग्रेशनच्या ऑफिसात टोकन घेऊन, अडीच तास बसून मी एवढंच सांगून आले की मी अजून तिथेच राहते. डोकं तापलंय आणि ते निवायच्या आत लिहून काढते आहे, कारण निवलं की आपण सगळेच "जाऊ दे" म्हणतो आणि पुढच्या तारखेची वाट बघतो.

थायलंडमध्ये तात्पुरत्या मुक्कामाच्या परवान्यावर राहणारा कुठलाही परदेशी माणूस सलग ९० दिवस देशात राहिला की त्याने इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा. फॉर्मचं नाव टीएम ४७. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत मुदत. चुकलात आणि स्वतःहून गेलात तर २,००० बाट दंड, पकडले गेलात तर त्याहून जास्त. मग पुढचे ९० दिवस. पासपोर्टला एक चिठ्ठी स्टेपल करून देतात, तिच्यावर पुढची तारीख. मध्ये कधी देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू. पत्ता बदलला असेल तरच कळवा, असं नाही. बदलला नसेल तरी कळवायचं, की बदललेला नाही.

रिपोर्टला पैसे पडत नाहीत, हे मला लोक लगेच सांगतात. मान्य. पण माझी रजा फुकट नाही, आणि रोजंदारीवर असलेल्याचा दिवस तर त्याहून फुकट नाही. ऑनलाइन भरायची सोय आहे, तीही मी दर वेळी वापरून बघते. या वेळी अर्ज आठ दिवस "पेंडिंग" दाखवत राहिला, नवव्या दिवशी "रिजेक्टेड". कारण लिहिलेलं नाही. मागच्या वेळी तीच माहिती, तेच स्पेलिंग, तोच पत्ता मंजूर झाला होता. मग काय करायचं? मुदत संपायच्या आत उठून जायचं.

आता हा पत्ता त्यांच्याकडे किती वेळा आहे ते बघा. वर्षातून एकदा मुक्काम वाढवून घेते तेव्हा टीएम ७ वर लिहिते, घराच्या नकाशासकट. कंपनी वर्क परमिटचे कागद देते त्यात आहे. १ मे २०२५ पासून देशात शिरण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, त्यातही इथे कुठे राहणार ते विचारतात. घरमालकिणीने आमच्याबद्दल केलेली नोंद आहे, तो टीएम ३०. आणि एवढं सगळं असताना टीएम ४७ वेगळा. यंदा मी मार्चमध्ये मुक्काम वाढवून घेतला. त्याच ऑफिसात, खिडकीही तीच. माझ्या फायलीतल्या प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनाने सही करून दिली. बारा दिवसांनी नव्वद दिवसांचा रिपोर्ट होता. मी त्या बाईंना विचारलं, आज देऊ का, सगळे कागद हातात आहेत. त्यांनी पटलावरची तारीख बघितली आणि म्हणाल्या, रिपोर्टची मुदत सुरू झाली असली तरी हे काम वेगळं, त्याचं टोकन वेगळं, आणि आजची टोकनं संपली. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्यासमोर साठ माणसं बसलेली होती. त्यांनी तो कायदा केलेला नाही.

कायदा १९७९ चा आहे, त्यांच्या बौद्ध वर्षाने २५२२. तेव्हा कोण कुठे राहतं हे कळायला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून माणसाने येऊन सांगायचं किंवा पत्र टाकायचं, हे मला समजतं. आज विमानतळावर बोटांचे ठसे घेतात, फोटो काढतात. माझा पासपोर्ट नंबर टाकला की मी कधी आले, कधी गेले, सगळं समोर येतं. तरी मी समक्ष येऊन सांगायचं.

टीएम ३० चा त्रास त्याहून वाईट, कारण ती जबाबदारी माझी नाहीच. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत कळवायचं काम कायद्याने घरमालकाचं किंवा ज्याच्या ताब्यात घर आहे त्याचं. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, दुसऱ्या शहरात मुलाकडे राहतात. आम्ही त्यांना "पा" म्हणतो, म्हणजे मावशीच. अतिशय प्रेमळ बाई. पण त्यांना वेबसाइटवर खातं उघडता येत नाही, आणि सरकारी कागदावर घराचा नंबर गेला की टॅक्सवाले येतील अशी त्यांना भीती वाटते. पहिल्या वर्षी त्यांनी नोंद केली नव्हती. मुक्काम वाढवायला गेले तर खिडकीवर सांगितलं, टीएम ३० नाही, आधी ते आणा. दंड ८०० बाट. कोणी भरला? मी. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराबद्दल मला मावशींना दहा वेळा फोन करावे लागतात, त्यांच्यावर सरकारी काम करण्याची सक्ती मी कशी करणार? कायदा बोट दाखवतो घरमालकाकडे, आणि खिडकीवर अडतो भाडेकरू.

२०१९ साली तर कहर होता. तोवर ज्या नियमाकडे फारसं कोणी बघत नव्हतं त्याची अंमलबजावणी अचानक कडक झाली. शनिवार-रविवार दुसऱ्या प्रांतात हॉटेलात राहून आलात तरी घरी परतल्यावर पुन्हा नोंद. त्या वर्षी इथल्या परदेशी लोकांनी बरीच ओरड केली, सरकारकडे निवेदन गेलं, वर्तमानपत्रांत आलं. २०२० मध्ये थोडी सूट मिळाली, की री-एंट्री परमिटवर, म्हणजे बाहेर जाण्याआधी काढलेल्या परतीच्या परवान्यावर, परत येऊन त्याच पत्त्यावर राहणार असाल तर नव्याने नोंद नको. मिळाली म्हणून बरं वाटलं. पण प्रत्येक ऑफिस ती सूट आपापल्या पद्धतीने वाचतं. माझ्या मैत्रिणीच्या प्रांतात नव्याने नोंद मागत नाहीत, आमच्याकडे मागितली आहे.

आपल्याकडेही परदेशी पाहुणा ठेवला की घरमालकाने २४ तासांत सरकारला कळवायचं असतं, त्यामुळे नोंद ठेवूच नये असं मी म्हणत नाही. ठेवा. एकदा ठेवा. बदललं की आम्ही कळवू, आणि नाही कळवलं तर तेव्हा दंड करा.

हे सगळं मी सात वर्षं निमूटपणे केलं असतं. करतच होते. ज्याने माझं मन कायमचं कडू झालं ते री-एंट्री परमिट.

इथे मुक्काम एक वर्षाने वाढवून मिळतो, त्याचे १,९०० बाट. पण त्या वर्षात तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकलंत तर तो मुक्काम तिथल्या तिथे संपतो. वर्षाचे दहा महिने शिल्लक असोत, पैसे भरलेले असोत, नोकरी चालू असो. तो टिकवायचा असेल तर बाहेर जाण्याआधी टीएम ८ भरून री-एंट्री परमिट घ्यायचं. एकदाच जाऊन यायचं असेल तर १,००० बाट, कितीही वेळा हवं असेल तर ३,८००. आणि हे परमिट त्या वर्षापुरतंच, पुढच्या वर्षी मुक्काम वाढवला की पुन्हा नवं. आम्ही तिघं. कितीही वेळाचं घेतलं तर ११,४०० बाट, एकदाचं घेतलं तर ३,०००. आम्ही वर्षातून एकदाच जातो, दिवाळीला. म्हणून एकदाचं घेतलं. पगारदार माणूस हाच हिशेब करतो.

दिवाळीला जाऊन आलो. परमिट वापरलं गेलं. जानेवारीत एका रात्री साडेआठला दादाचा फोन आला की आईला आयसीयूत हलवलंय, निघता आलं तर लगेच नीघ. जवळच्या छोट्या विमानतळावरून मध्यरात्रीनंतरचं तिकीट मिळालं. बॅगेत काय भरलं मला आठवत नाही. पासपोर्टच्या खिडकीवरच्या तरुण अधिकाऱ्याने पानं उलटली, परत उलटली आणि विचारलं, "री-एंट्री?"

तेव्हा मला आठवलं. मी विचारलं, इथे काढता येईल का? त्याने हाताने दाखवलं, काउंटर आहे, पण बंद. सकाळी उघडेल. तो मुलगा वाईट नव्हता. त्याने मला दोनदा विचारलं की तुम्हाला नक्की जायचंय का, कारण गेलात तर व्हिसा संपला. माझ्यामागे रांग होती. मी बाजूला होऊन नवऱ्याला फोन लावला. माझा मुक्काम संपला तर माझ्या आधारावर असलेला त्याचा आणि मुलीचा मुक्कामही अडकणार हे आम्हा दोघांना माहीत होतं. मुलीची शाळेची परीक्षा महिन्यावर होती. तो म्हणाला, "तू जा. बाकी बघू."

मी गेले. आईला त्यानंतर तीन दिवस शुद्ध होती.

हे लिहितानाही हात थरथरतोय. त्या दहा मिनिटांत, आई आणि नोकरी यांतून निवड करायला मला एका शिक्क्याने भाग पाडलं. मी काय गुन्हा केला होता? कर भरते, सोशल सिक्युरिटी कापून जाते, सहा वर्षांत एकही रिपोर्ट चुकवला नव्हता. मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिले नाही. माझा वर्षाचा परवाना सरकारनेच दिला होता, त्यावर तारीख छापलेली होती. ती तारीख माझ्या बाहेर जाण्याने खोटी का व्हावी? मला इथे राहायला लायक ठरवलं ते माझी नोकरी आणि माझे कागद बघून. चार तास विमानात बसल्याने त्यातलं काय बदललं?

तेराव्यानंतर परत येण्याची तयारी सुरू केली ती शून्यापासून. कंपनीने पुन्हा कागदांचा गठ्ठा केला, मी नोकरीसाठीचा नॉन-बी व्हिसा नव्याने काढला, वर्क परमिटची सगळी धावपळ पुन्हा. नवऱ्याचे आणि मुलीचे कागद त्यानंतर, कारण ते माझ्या कागदांवर उभे. मागून भारतात आलेल्या मुलीला परीक्षेच्या आधी चार दिवस इकडे आणता आलं. मावशींना पुन्हा फोन, पुन्हा टीएम ३०. पैसे किती गेले ते मी मुद्दाम मांडलं नाही. आईचं दुःख करायला मिळालेले दिवस मी फॉर्म भरण्यात घालवले, हे मी विसरू शकत नाही.

"त्यांचा देश, त्यांचे नियम" असं ज्यांना लिहायचं असेल त्यांनी खुशाल लिहावं. मीही सहा वर्षं हेच म्हणत होते. पण नियम पाळणाऱ्यालाच नियम छळतो. जो लपून राहतो तो टीएम ४७ भरत नाही, त्याचा घरमालक टीएम ३० भरत नाही, आणि त्याला री-एंट्रीची काळजी नाही. खिडकीसमोर साठ खुर्च्यांवर बसलेले सगळे पत्ता असलेले लोक असतात. इथे कायमचा रहिवासी होणं हाही मार्ग सोपा नाही. वर्षाला एका देशाच्या फक्त १०० लोकांना ते मिळू शकतं. आणि मिळाल्यावर नव्वद दिवसांचा रिपोर्ट सुटला, तरी बाहेर जाऊन परतायचं तर आधी नोंद करून घ्यायची आणि मुदतीत परत यायचंच. म्हणजे "कायमचा" झालेल्या माणसालाही घरी जाण्याआधी परवानगी लागते.

मला काय हवंय ते सांगते, फार मोठं नाही. मुक्काम वाढवून देताना त्याच फीमध्ये, हवं तर फी वाढवून, जाण्यायेण्याची मुभा त्याच शिक्क्यात द्या. नाहीच जमलं तर ज्या विमानतळावरून आंतरराष्ट्रीय विमान सुटतं तिथे शेवटचं विमान जाईपर्यंत तो काउंटर उघडा ठेवा. एक माणूस, एक शिक्का. माणसं मरायला ऑफिसची वेळ बघत नाहीत.

आता मी तिघांचंही ३,८०० वालंच घेते. कधी लागेल, लागेल की नाही, विचार करत नाही. दर वर्षी ११,४०० बाट बाजूला ठेवते आणि पासपोर्ट उशाशी असतात. बाबा आता एकटे आहेत, दादाचा रात्रीचा फोन वाजला की नवरा आधी कपाटाकडे बघतो आणि मी पासपोर्टची पानं उलटून शिक्का आहे ना ते बघते, मग फोन उचलते.