तांब्याची तार, जुनी सीडी आणि ‘दोनशे चॅनेल फुकट’

सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा निरोप थोडक्यात असा: जुन्या सीडीला तांब्याची तार गुंडाळा, दुसरं टोक टीव्हीच्या मागच्या भोकात खुपसा, दोनशे चॅनेल आयुष्यभर फुकट. सिग्नल कमी वाटला तर फॉइल लावा, तरी अडलं तर बूस्टर. डिश असेल तर स्ट्रेंथ 90 दिसली की काम झालं. पावसात चित्र गेलं तर एलएनबी (डिशच्या समोर दांडीवर बसवलेला, सिग्नल घेणारा डबा) बदला.

यातलं अर्धं वाक्य खरं आहे. तार सिग्नल पकडते.

पण कुठला? दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईसह सोळा शहरांत डीव्हीबी-टी2 नावाच्या पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झाल्याचं जाहीर केलं. ते मनोऱ्यावरून येणारं, यूएचएफ (आखूड लहरींच्या) पट्ट्यातलं प्रक्षेपण, आणि त्यात दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या. भारतात असं जमिनीवरून टीव्ही दाखवण्याचा हक्क दूरदर्शनकडेच आहे. म्हणजे तुमची खाजगी मालिका आणि क्रिकेटचं चॅनेल त्या लहरींवर नाहीतच. जे हवेत नाही ते सीडीने कसं उतरणार?

दूरदर्शनपुरतीच हौस असेल तरी सीडी फेकून द्या. 500 मेगाहर्ट्‌झच्या आसपास लहर साधारण 60 सेंटिमीटरची असते. त्यासाठी 14-14 सेंटिमीटरच्या दोन सरळ तारा एका ओळीत, मध्ये बोटभर फट, एका तारेला केबलचा गाभा आणि दुसरीला जाळी, एवढं पुरतं. गुंडाळी करून ते माप बिघडतं. गच्चीवरच्या जुन्या, लांब दांड्यांच्या अँटेना व्हीएचएफसाठी, म्हणजे त्याहून लांब लहरींसाठी होत्या, त्याही इथे उपयोगाच्या नाहीत. शिवाय टीव्हीत त्या डीव्हीबी-टी2 पद्धतीचा ट्यूनर (वाहिन्या पकडणारा भाग) लागतो. नसेल तर कितीही तार लावा, स्कॅन रिकामं.

शंभराहून जास्त वाहिन्या खरंच दरमहा पैसे न भरता मिळतात, पण त्या डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या उपग्रह सेवेवर. त्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतात, 93.5 अंश पूर्वेवरून, 11 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. तिथली लहर 2.7 सेंटिमीटरची. 60 सेंटिमीटरची चांगली डिश तो सिग्नल सगळ्या दिशांना सारखंच ऐकणाऱ्या अँटेनाच्या सुमारे तीन हजार पट गोळा करते. हे काम तारेच्या तुकड्याचं नाही.

‘आमच्याकडे समोर टॉवर आहे, डिश चालणारच नाही.’ निरोपात हे नाही, पण त्याखालच्या चर्चेत हमखास येतं. मुंबईतून हा उपग्रह होकायंत्रावर 131 अंशांच्या दिशेला असतो, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून तब्बल 57 अंश वर. इतका वर, की समोरची इमारत तुमच्या डिशपेक्षा 30 मीटर उंच असली तरी ती 20 मीटरपेक्षा लांब असेल तर अडथळा नाही. मुंबईत खरा अडथळा असतो तो तुमच्याच डोक्यावरच्या बाल्कनीचा स्लॅब. आग्नेयमुखी बाल्कनीत डिश स्लॅबच्या दोन मीटर खाली असेल तर ती स्लॅबच्या कडेपासून सव्वा मीटर आतपर्यंत चालते. छताजवळ टांगली, की गेली. म्हणून डिश खाली, कठड्याच्या काठाशी बसवा. वायव्येला उघडणाऱ्या बाल्कनीत मात्र काहीही उपाय नाही; गच्चीच हवी, आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी.

दिशा मोजताना मोबाइलचा होकायंत्र ग्रिलला टेकवू नका, लोखंड काटा ओढतं. दोन पावलं लांब उभं राहा. त्याहून पक्की खूण सूर्याची. 12 मार्चच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सकाळी अकराच्या आगेमागे सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा बाल्कनीत ज्या जागी ऊन पडतं, तिथे डिश चालते. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे, सूर्याचा गोंगाट.) आणखी एक गंमत: साधी ऑफसेट डिश (घरोघरी दिसते ती, एलएनबी मध्याच्या खाली असलेली) जितकी वर बघताना दिसते त्याहून 20 ते 25 अंश अधिक वर बघत असते. त्यामुळे ती फार उभी दिसली म्हणून मागे झुकवू नका.

‘स्ट्रेंथ 90, म्हणजे काम झालं.’ नाही. स्ट्रेंथचा काटा एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजतो. डिश भिंतीकडे फिरवा, तरी तो बऱ्यापैकी वर राहील. बघायची ती क्वालिटी. सेट टॉप बॉक्समध्ये एलएनबी 9750/10600, फ्रिक्वेन्सी 11550, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट 29500 भरा आणि क्वालिटी शून्यावरून हलेपर्यंत डिश अगदी सावकाश, बोटाच्या पेराएवढी सरकवत राहा. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला पकड घ्यायला तेवढा वेळ लागतो. 95 अंशांवर दुसरा उपग्रह आहे आणि तो मुंबईतून जेमतेम दोन अंश बाजूला दिसतो. स्ट्रेंथ जोरात पण क्वालिटी शून्य असेल तर बहुधा तुम्ही त्याच्यावर आहात. सरतेशेवटी एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये फिरवून पाहा. उपग्रहांची रांग मुंबईतून आग्नेयेला जवळपास 45 अंश तिरकी दिसते, म्हणून एलएनबी सरळ ठेवला तर उभ्या-आडव्या लहरींची सरमिसळ होते. क्वालिटी जिथे सर्वांत वर, तिथे स्क्रू घट्ट. नट आवळताना डिश हमखास किंचित सरकते, म्हणून डोळा पडद्यावर आणि पाना आळीपाळीने दोन्ही बाजूंना.

फॉइलबद्दल फार बोलायला नको. सुरकुतलेलं फॉइल डिशचा आकार बिघडवतं, आणि इथे दीड-दोन मिलिमीटरची पोचही जाणवते.

बूस्टरचं थोडं वेगळं आहे. तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो, म्हणून टीव्हीजवळ लावलेला बूस्टर वाया. एलएनबी मुळातच सिग्नल 50 ते 60 डेसिबलने (हे सिग्नलच्या चढउताराचं माप) वाढवून देतो. चांगली आरजी-6 (डिशसाठी वापरतात ती) केबल 30 मीटरला 8-9 डेसिबल खाते. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत बूस्टर लागत नाही. लागते ती एकसंध, मध्ये न जोडलेली केबल. टेप गुंडाळून केलेला सांधा काढा.

‘पावसात गेलं, म्हणजे एलएनबी गेला.’ डिजिटल चित्राला पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत. ते चांगलं असतं, मग चौकोन पडतात, मग काळं. त्यामुळे अचानक बिघडल्यासारखं वाटतं. जुलैच्या मुसळधार सरीत दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हा या पट्ट्याचा स्वभावच आहे, कारण थेंब लहर शोषतात. 90 सेंटिमीटरची डिश 60च्या सव्वादोन पट सिग्नल गोळा करते, तिच्यावर हे कमी घडतं. पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल, तर आधी एलएनबीखालचा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा, फिरवून बसणारा जोड) उघडा. तांब्याचा गाभा हिरवट झाला असेल किंवा जाळी काळी पडली असेल, तर पाणी आत गेलंय. खारी हवा ते काम लवकर करते. ओली केबल अर्धा-एक मीटर कापून नवा कनेक्टर बसवा, त्यावर स्वतःला चिकटणारा रबरी टेप खालून वर गुंडाळा, आणि एलएनबीपाशी केबलला खाली झुकणारा एक फेरा द्या, म्हणजे पाणी त्या फेऱ्याच्या तळाशीच टपकून जाईल.