पाचशे रुपये हजेरी

पंधरा दिवसांपूर्वी पहाटे आमच्या माडीवरच्या खोलीतून पोलिसांनी चार भाडेकरूंना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून नेलं. नवी मुंबईतल्या आमच्या घणसोली गावात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. भाड्यासाठी मी परक्यांना गावात घेतो, असं गावच्या ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं जातंय, तेही मी वाचलं. म्हणून एकदाच, सविस्तर लिहितो.

चौघंही प्लास्टरच्या कामावरची पोरं. तिघं पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादची. गावाहून आजोबांच्या नावचे जमिनीचे कागद आणि मतदार यादीची पानं आली, तेव्हा सहाव्या दिवशी ते सुटले. चौथा बांगलादेशचा निघाला. तीन वर्षं इथे होता, त्याच्याकडे आधार कार्ड होतं, भाडं दर महिन्याला पाच तारखेच्या आत द्यायचा. मी भाडेकरार केला नव्हता, पोलीस ठाण्यात नोंदही केली नव्हती. चूक माझी आहे आणि तसं मी पोलिसांना लिहून दिलंय.

सुटून आलेल्या पोरांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. परांची एक, काम एक, वेळ एक. या तिघांना दिवसाला साडेसातशे रुपये हजेरी आणि त्या चौथ्याला पाचशे. तो कुठला आहे हे मुकादमाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणूनच पाचशे. तक्रार घेऊन तो जाणार कुठे? त्याची दीड महिन्याची मजुरी मुकादमाकडेच राहिली. मुकादम दुसऱ्या दिवशी दुसरी पोरं घेऊन त्याच इमारतीवर हजर होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

माझा पुतण्या म्हणतो, काका, सीमा हव्यातच कशाला, युरोपात बघा. मला ते पटत नाही. युरोपातली मोकळीक १९८५ च्या शेंगेन करारातून आली. देशादेशांनी बसून, लिहून ठरवलेली गोष्ट आहे ती, आणि बाहेरून येणाऱ्याला तिथेही पासपोर्ट दाखवावा लागतो, आपल्यासारख्यांना व्हिसाही. आपल्याकडेही असं एक दार आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस इथे उघडपणे येतो, राहतो, काम करतो. नवी मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटवर रात्रभर तोच जागा असतो. पगार थकला तर तो सेक्रेटरीच्या दारात उभा राहून मागतो, कारण त्याला इथे राहायचा हक्क आहे. आमच्या माडीवरच्या पोराला तो नव्हता, आणि मुकादमाने दर हजेरीमागे अडीचशे रुपये कमावले ते त्यावरच.

माझं म्हणणं एवढंच आहे. कोण येतंय हे देशाला कळलंच पाहिजे, चोरून येणं मला मान्य नाही. पण आपल्या बांधकामांना बाहेरचे हात लागतातच, तर सरकारने ठरावीक मुदतीचा कामाचा परवाना द्यावा. त्यावर नाव असावं, मालकाचं नाव असावं, मजुरी बँकेत जावी, मुदत संपली की माणूस परत जावा. आणि परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्याला आधी उचलावं. परदेशी नागरिकांबाबतच्या २०२५ च्या नव्या कायद्यात पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पाचशे रुपयांत राबणारा पाच लाख कुठून आणणार?

काही जण म्हणतात, बंगाली बोलतो ना, मग उचला. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं, आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. बंगाली दोन्ही देशांत बोलतात. बोलीवरून नागरिकत्व कसं ओळखणार? कायद्याने तर मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पकडलेल्या माणसावरच टाकली आहे, आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा धरला जात नाही.

त्या आठवड्यात मी आमची ट्रंक उघडली. माझा जन्म १९७४ चा, घरातच, सुईणीच्या हातचा. जन्मदाखला नाही. सातबारा नाही, कारण जमीन नाही. शेवटी आजोबांच्या नावची भूसंपादनाची जुनी नोटीस सापडली. आम्ही इथले आहोत याचा आमच्याकडचा सगळ्यात जुना कागद म्हणजे जमीन गेल्याचा कागद! मी तो हातात धरून बराच वेळ बसलो होतो.

ग्रुपवर लिहिणाऱ्यांनो, तुमचा राग मला कळतो. नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि ९५ गावांची शेतं, मिठागरं गेली. इथे कोण येऊन राहणार हे आपल्याला कोणी विचारलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये आपले नेते दि. बा. पाटील साहेबांच्या मागे आपली माणसं उभी राहिली, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळायचा रस्ता झाला. परक्यांच्या गर्दीत आपण हरवू ही भीती खरी आहे. पण गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या वरच्या खोल्यांतून येणाऱ्या भाड्यावर आपल्यातली किती घरं चालतात? माझ्या मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यातूनच भरली. ते भाडं याच पोरांनी दिलंय.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघं महाराष्ट्राचे होते. हातापायांतल्या बेड्या पाहून आपण सगळेच पेटलो होतो, आणि बरोबरच होतं ते. कायदा मोडलेल्यालाही माणसासारखं परत पाठवता येतं, असंच तेव्हा आपण म्हणत होतो. मी आजही तेच म्हणतोय.

तो पोरगा आत आहे. खटला चालेल, शिक्षा होईल, मग त्याला परत पाठवतील. ते कायद्याने होऊ दे. पण दीड महिन्याची मजुरी त्याच्या घामाची आहे, ती वकिलाच्या कामी येईल. त्याची थापी आणि ओळंबा अजून खोलीत खिळ्याला टांगलेत.

रविवारी सकाळी दहाला मी त्या तिघांना घेऊन मुकादमाकडे जाणार आहे. हजेरीची वही त्याच्याकडेच आहे. गावात ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्यांनी सोबत यावं. देवळापाशी थांबतो.