अजून एक हात

सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवा मला जिन्यात गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी झोपाळ्याला पॉलिश करत होतो. एवढाच माझा गुन्हा.

झोपाळा आजोबांचा, अस्सल सागवानी. सुतार म्हणाला, "आता लाख कोण लावतं साहेब? पीयू पॉलिश मारून देतो, काचेसारखा चमकेल." मला नेमकं तेच नको होतं. लिटरभर स्पिरिटात दोन-अडीचशे ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, रात्रभर भिजवला, मलमलीच्या चिंधीत कापूस भरून बोळा केला आणि गॅलरीत बसलो. लाखेचा हात पातळ द्यायचा आणि मागे वळायचं नाही. नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवून त्यातच मुरतो. रेंगाळलात की बोळा चिकटतो आणि आधीचंही उचलून आणतो. मग वाळू द्यायचं, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, पुसायचं, पुन्हा हात.

पण हे गुजरात. १९६० साली राज्य झाल्यापासून इथे दारूबंदी. गॅलरीतून स्पिरिटचा वास सुटला आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल न वाजवता वर आले.

"एकटाच?"

"पॉलिश करतोय, काका."

"हां हां. पॉलिश." त्यांनी चक्क डोळा मारला. पंचाहत्तरीतला माणूस! "परमिट काढलंस?"

"अहो, हे मिथिलेटेड स्पिरिट आहे. विष. प्यायलं तर माणूस आंधळा होतो."

"तेच म्हणतो मी, हलक्यातलं घेऊच नये."

"काका, यात लाख आहे. पळसावर, कुसुमावर किडे असतात, त्यांच्यापासून होते."

"यात किडे आहेत?" काका क्षणभर थांबले. मग चेहरा उजळला. "सारू, सारू! म्हणजे आयुर्वेदिक म्हण की!"

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, तुमच्या माळ्यावरच्या त्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या आहेत ना, त्याही लाखेच्याच. औषधाच्या काही गोळ्यांवरही हिचाच थर असतो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तबकडी स्पिरिटात विरघळेल?"

"विरघळेल."

"आणि मग ते पिता येईल?"

मी बोळा डब्यात ठेवला. तेवढ्यात "वाळलं का रे?" म्हणत त्यांनी फळीवर अंगठा दाबला, मान हलवली आणि उत्तराची वाट न बघता ऐसपैस बसले. झोकाही घेतला. उठले तेव्हा फळीवर त्यांच्या चौकड्यांच्या लेंग्याची छाप होती, शिवणीसकट. "तुझे आजोबा असे नव्हते हं," असं वर ऐकवून गेले.

विनोद सोडा, मला खरोखर राग आला. तासा-दीड तासावर संखेडा आहे. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कातीव लाकडावर लाख चढवत आले. तिथला हिंचका दिवाणखान्यात टांगून पाहुण्यांपुढे मिरवणारी हीच माणसं. पण ओळखीतला कोणी स्वतः बोळा घेऊन बसला की त्याच्या बायकोची कीव करतात. पैसे टाकून सुतार बोलावला असता तर कोणी नाक वर केलं नसतं. त्यात पावसाळा. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते, ती स्पिरिट फिरवून काढावी लागते. म्हणजे पुन्हा वास. म्हणजे पुन्हा काका. आता ते रोज संध्याकाळी येतात, शेव-मुरमुऱ्यांची पुडी घेऊन, आणि समजूतदारपणे माझ्याकडे बघत बसतात.

लेंगा त्यांच्या सुनेने माझ्याकडे पाठवलाय, "डाग तुम्हीच काढून द्या" म्हणून. लाखेचा डाग साबणाने जात नाही, स्पिरिटनेच जातो. स्पिरिट संपलंय, आणि हार्डवेअरवाला हल्ली मला बाटली देण्याआधी तोंडाचा वास घेतो.