क्लेमेंटिना बासष्टाव्या वर्षापर्यंत कुठे होती? रिओमध्येच होती

क्लेमेंटिना दे जेझुसबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्या चार ओळींत तीच गोष्ट येते. रिओ दि जानेरोत लोकांच्या घरी काम करणारी एक काळी बाई, वय बासष्ट, १९६३ मध्ये ग्लोरियाच्या चर्चच्या सणाला तिथल्या एका बारमध्ये आपल्या माणसांत गात बसली होती, एर्मीनियो बेल्लो दे कार्व्हाल्यो नावाच्या तरुण कवी-निर्मात्याने ते ऐकलं आणि ब्राझीलला एक थोर गायिका मिळाली. गोष्ट खरी आहे आणि एर्मीनियोचे उपकार आहेतच, पण लोक ती नशिबाची गोष्ट म्हणून सांगतात ना, त्याचा मला मनापासून राग येतो. एवढा आवाज, एवढी गाणी पाठ, आणि साठी उलटेपर्यंत माईक नाही, यात कसलं आलंय नशीब?

ती काय जंगलात लपली होती का? जन्म १९०१ चा, रिओ राज्यातल्या वालेन्सा गावचा, म्हणजे कॉफीच्या मळ्यांचा पट्टा. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ ला, अख्ख्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी, म्हणजे क्लेमेंटिना जन्मली तेव्हा त्याला जेमतेम तेरा वर्षं झाली होती आणि तिचे आजी-आजोबा गुलामीत राहिलेले होते. आई घरकाम करता करता जोंगो, म्हणजे गुलामांची ढोलावरची गाणी, गायची, चर्चची गाणी गायची, आफ्रिकी भाषांमधल्या प्रार्थना म्हणायची, आणि पोरीच्या कानावर ते सगळं पडत गेलं. मग लहानपणीच कुटुंब रिओला आलं, ओस्वाल्दो क्रूझ वस्तीत, जिथून पुढे पोर्तेला ही सांबा शाळा (म्हणजे कार्निव्हलला सांबा, ढोलाच्या तालावरचं गाणं-नाच, सादर करणारं वस्तीचं मंडळ) उभी राहिली, आणि लग्नानंतर ती मांगेराच्या टेकडीवरच्या गरीब वस्तीत राहायला गेली. ज्याला सांबा थोडाफार माहीत आहे त्याला कळेल की या दोन वस्त्या म्हणजे काय! सांबा घडत होता तिथेच ही बाई राहत होती, गात होती.

आणि त्याच काळात, १९३० च्या आसपास, रेडिओवर सांबा जोरात चालला होता, पण गाणारे कोण? फ्रान्सिस्को आल्व्हेस, मारियो रेइस, बहुतेक गोरे. गाणी टेकडीवरच्या काळ्या लोकांची, ती पैसे देऊन विकत घेतली जायची. इस्माएल सिल्व्हाची गाणी आल्व्हेसने अशीच घेतली, कार्तोलानेही गाणी अशीच विकली. तोच कार्तोला, मांगेरा सांबा शाळेच्या संस्थापकांपैकी एक, १९५६ च्या सुमारास एका पत्रकाराला रिओच्या इपानेमा भागात गाड्या धुताना दिसला, आणि त्याचा स्वतःचा पहिला एलपी आला १९७४ ला, पासष्टाव्या वर्षी. म्हणजे क्लेमेंटिनाचं झालं ते काही एकटीदुकटीचं नाही, अख्ख्या पिढीचं असंच झालंय, गाणं चालेल पण गाणारा माणूस समोर नको.

ती वीसेक वर्षं लोकांच्या घरची धुणी-भांडी, स्वयंपाक करत होती. १९४३ मध्ये ब्राझीलने कामगारांसाठी मोठा कायदा आणला, आजही त्याचं कौतुक होतं, पण त्यातून घरकाम करणाऱ्या बायकांना वगळलं होतं. त्यांना बाकी कामगारांसारखे हक्क देणारी घटनादुरुस्ती कधी झाली माहितीये? २०१३ मध्ये. क्लेमेंटिना जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

असो, गाण्याकडे येते. डिसेंबर १९६४ मध्ये ती पहिल्यांदा थिएटरच्या स्टेजवर आली, शास्त्रीय गिटारवादक तुरिबियो सांतोससोबत. मग १९६५ मध्ये 'रोझा दे ओरो' हा शो, ज्यात जुन्या जमान्याची स्टार आरासी कोर्तेस होती, आणि पाउलिन्यो दा व्हिओला, एल्टन मेदेरोस, नेल्सन सार्जेन्तो ही मंडळी साथीला. तेव्हा फॅशन होती बोसा नोव्हा या संगीतप्रकाराची, त्यातल्या ज्वाओ जिल्बेर्तो या गायकासारखं हळू, कानाशी बोलल्यासारखं गायचं. त्यात हा आवाज! खालचा, खरखरीत, जाड, कुठे गुळगुळीत करायचा प्रयत्नच नाही. ती सूर लावते तो गळ्यातून नाही, छातीच्याही खालून येतो असं वाटतं, आणि तालावर मात्र इतकी पक्की की मागे फक्त ढोल आणि टाळ्या असल्या तरी काहीच कमी वाटत नाही. मला सुरुवातीला हा आवाज अंगावर आला होता, आता त्याशिवाय बाकीचे आवाज पातळ वाटतात.

आणि ती गात काय होती ते बघा. जोंगो म्हणजे काँगो-अंगोलाकडून आणलेल्या लोकांनी कॉफीच्या मळ्यात रात्री ढोलांभोवती गायचं गाणं, एकाने दोन ओळींचं कोडं टाकायचं, बाकीच्यांनी ते उचलायचं, आणि कोणाला नवीन टाकायचं असेल तर "माशादो!" ओरडून ढोल थांबवायचा. मालकाला ऐकू सगळं जायचं पण समजायचं नाही. सरकारने जोंगोला राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं २००५ ला. क्लेमेंटिना तो १९६० च्या दशकात, लष्करी राजवटीत, भर थिएटरात गात होती.

काही जण म्हणतात ती काही कार्यकर्ती नव्हती, भाषणं केली नाहीत, उलट चांगली श्रद्धाळू कॅथलिक होती. हो होती, त्याच तोंडाने आफ्रिकी देवतांची गाणीही गायची. पण "आमच्याकडे वर्णभेद नाहीच" असं जो देश स्वतःलाच सांगत होता त्याच्यासमोर उभं राहून आजीची गाणी आजीच्याच आवाजात गायची, हे काम मला शंभर भाषणांपेक्षा मोठं वाटतं. १९६६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत डकारला काळ्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला तेव्हा ब्राझीलकडून ती गेली, म्हणजे जिथून माणसं उचलून नेली त्या खंडावर तीच गाणी परत जाऊन गायली. १९७३ मध्ये गायक-संगीतकार मिल्टन नासिमेन्तोच्या 'मिलाग्रे दोस पेशेस' या अल्बमचे बरेच शब्द सेन्सॉरने कापले, तो बहुतेक अल्बम शब्दांशिवाय आहे, आणि त्यात मिल्टनने आपल्याबरोबर गायला तिला बोलावलं, ते उगाच नाही. सांबाकार कान्देयाने तर क्लेमेंटिनाच्या नावावरच गाणं लिहिलं, ते गायिका क्लारा नुनेसने तिच्यासोबत गायलं.

सगळ्यात महत्त्वाचं काम माझ्या मते १९८२ चं, 'ओ कान्तो दोस एस्क्राव्होस' (गुलामांचं गाणं) ही रेकॉर्ड. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात हिऱ्यांच्या खाणीत राबणारे गुलाम जी गाणी गायचे त्यांना विस्सुंगो म्हणतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच कामाच्या लयीवर चालणारी, फक्त यात प्रेत वाहून नेतानाचीही गाणी आहेत. आयरेस दा माता माशादो फिल्यो या अभ्यासकाने १९२८ पासून ती गोळा केली, पासष्ट मिळाली, त्यातली चौदा या रेकॉर्डवर आहेत. सोबत गायला तिया दोका आणि जेराल्दो फिल्मे, वाद्यं म्हणजे फक्त ताल. क्लेमेंटिना ऐंशी पार होती. पाच वर्षांनी, १९८७ ला, ती गेली. श्रीमंत वगैरे कधीच झाली नाही.

कोणाला ऐकायचं असेल तर आधी १९६६ चा तिच्याच नावाचा एलपी घ्या, मग १९७३ चा 'मारिन्येरो सो', तो जरा उत्साही आहे, ओळख पटकन होते. विस्सुंगोंची रेकॉर्ड शेवटी ठेवा, आणि कृपया काम करता करता बॅकग्राउंडला लावू नका.